रंगाआधीची झाकाझाक

मे महिन्यात जळगावला कुरिअरने मास्किंग टेप, म्हणजे जिथे रंग नको तिथे लावायची कागदी टेप, मागवली, की ती घरी पोचेपर्यंत तिची निम्मी परीक्षा होऊन गेलेली असते. बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, कुरिअरवाल्याची गाडी पत्र्याची, आणि त्यात दुपारभर फिरलेलं पाकीट. गुंडाळीच्या दोन्ही बाजू बोटाला चिकट लागल्या तर समजायचं, गोंद पातळ होऊन कडेला आलाय. आता त्या कडेवर घरातली, रस्त्यावरची, शेजारच्या बांधकामाची सगळी धूळ बसणार. एकदा कडेला धूळ बसली की त्या टेपने मारलेली रेघ सरळ येत नाही. जवळून पाहिलं तर तिला बारीक दात फुटलेले दिसतात. म्हणून माझ्याकडे टेपची प्रत्येक गुंडाळी झिपच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत असतो. घरचे या डब्याला ‘ह्यांचे दागिने’ म्हणतात. सोन्यासाठी नावाजलेल्या गावात हे बोलणं ऐकून घ्यावंच लागतं.

हा सगळा खटाटोप प्लास्टिकच्या छोट्या विमानांसाठी, रणगाड्यांसाठी, कधी एखाद्या बससाठी. खऱ्या वस्तूच्या बहात्तराव्या, अठ्ठेचाळिसाव्या किंवा पस्तिसाव्या भागाएवढं मॉडेल जोडायचं आणि रंगवायचं. जोडण्याबद्दल लोक कौतुकाने विचारतात, रंगाबद्दलही विचारतात. या दोन्हींच्या मध्ये जे काम सगळ्यात जास्त वेळ खातं, त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ते काम म्हणजे झाकणं. जिथे रंग लागायला नको तिथे टेप, कागद, फोम, जे असेल ते लावून बंदोबस्त करायचा आणि मग उरलेल्या चिंचोळ्या जागेत एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या बारीक फवाऱ्याने, रंग सोडायचा. अमळनेरकडची आमची आजी एकदा बराच वेळ शेजारी बसून हे पाहत होती. मी विमानाचा एवढासा पंख सोडून बाकी सगळं गुंडाळून टाकलं, तेव्हा ती म्हणाली, “रंग देवाना शे का झाकाना शे?” म्हणजे, रंग द्यायचाय की झाकायचाय?

प्रश्न बिनतोड होता. रंग दहा मिनिटांत देऊन होतो. झाकायला दोन संध्याकाळी लागतात. आणि हातापेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं, कारण सगळा विचार उलट्या दिशेने करायचा असतो. शेवटी जे दिसायला हवं ते कुठल्या क्रमाने खालून वर येईल, हे पहिल्या थेंबाआधी ठरलेलं लागतं. आपल्या हवाई दलाच्या विमानावरचं गोल चिन्ह घ्या. बाहेर केशरी कडं, मग पांढरं, मधोमध हिरवी टिकली. डिकल, म्हणजे किटमध्ये येणारं छापील चिन्ह, चिकटवून मोकळं होता येतं, पण जुन्या किटमधली डिकलं पिवळी पडलेली असतात, आणि रंगवलेल्या चिन्हाची मजा त्यात नाही. रंगवायचं तर आधी पूर्ण गोल पांढरा मारायचा. केशरी रंग दुबळा असतो, गडद रंगावर तो विटकरी दिसतो, त्याला खाली पांढराच लागतो. पांढरा नीट वाळला की जे कडं शेवटी पांढरं राहणार तेवढंच टेपच्या, मधे भोक पाडलेल्या गोल चकतीने झाकायचं. आता मधल्या भोकात हिरवा. हिरवा वाळला की भोक बुजवायचं आणि बाहेरच्या कड्यावर केशरी. चिन्हाच्या बाहेरचं अख्खं विमान या काळात गुंडाळलेलंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे गोलात गोल रंगवत चाललेत. आपण मात्र सबंध वेळ पांढऱ्याची राखण करत असतो.

मला ही झाकाझाक पहिल्यांदा पाहायला मिळाली ती मॉडेलवर नव्हे, धुळ्यात ट्रकवर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हमरस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे गावाच्या कडेने डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची रांगच रांग. शाळेतून येताना मी त्यातल्या एका शेडपाशी रेंगाळायचो. तिथले उस्ताद केबिनच्या काचांवर, दिव्यांवर जुनी वर्तमानपत्रं लावायचे, कडेने कागदी टेप फिरवायचे आणि अंगठ्याच्या नखाने ती टेप अशी काही दाबत जायचे की कागद आणि पत्रा यांच्यामध्ये वारा शिरू नये. रंग मारून झाला की चहा पिऊन येत, आणि रंग अजून जरा ओला असतानाच टेप सोलायला घेत. “टेपच्या अंगावर रंग कडक होऊ देऊ नको, नाहीतर रंग संगती घेऊन जाईन,” हे त्यांनी त्यांच्या पोऱ्याला सांगितलेलं, पण ऐकलं मी. सोलतानाही टेप वर ओढायची नाही. तिला तिच्याच पाठीवर मागे दुमडून, पत्र्याला जवळजवळ लागून, सावकाश न्यायची. हे एवढं ज्ञान आजही माझ्या टेबलावर जसंच्या तसं चालतं. फरक इतकाच, की ट्रकऐवजी तळहाताएवढं विमान असतं.

पुढे वाचताना कळलं की मास्किंग टेपचा जन्मच मुळी अशा शेडमध्ये झालाय. अमेरिकेतल्या मिनेसोटात थ्री-एम नावाची कंपनी तेव्हा पॉलिश कागद बनवायची. तिचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण कर्मचारी कागदाचे नमुने घेऊन सेंट पॉलमधल्या मोटारी रंगवणाऱ्यांकडे जायचा. १९२० च्या त्या दशकात दुरंगी मोटारींची फॅशन होती. दोन रंगांमधली रेघ राखायला कारागीर कागद गोंदाने चिकटवायचे, आणि तो काढताना नवा रंग उचकटून यायचा. ड्रूने तिथे कारागिरांच्या शिव्या ऐकल्या आणि कमी जोराने चिकटणारी, सहज निघणारी टेप करायचं मनावर घेतलं. १९२५ मध्ये ती तयार झाली. पाठीला क्रेप कागद, म्हणजे चुण्या असलेला, म्हणून वळणावर ताणता येणारा. तंत्र सगळं त्या चिकटण्याच्या मापात आहे. नीट बसली पाहिजे आणि निघताना काही घेऊन जायला नको, या दोन एकमेकांविरुद्धच्या मागण्या एकाच गोंदाकडून.

जपानची गोष्ट आणखी गमतीची. कुराशिकी शहरातली कामोई ही कंपनी १९२३ साली माश्या पकडायचा चिकट कागद करायची. तीच पुढे वाहनं आणि इमारती रंगवण्यासाठी ‘वाशी’ या पारंपरिक जपानी कागदाच्या टेपा करू लागली. वह्या सजवायच्या नक्षीदार रंगीत टेपा आज मुली ऑनलाइन मागवतात, त्याही या कंपनीने २००८ पासून बाजारात आणल्या. मॉडेलवाल्यांची लाडकी पिवळी टेप याच वाशी जातीची. कागद अगदी पातळ, पण चिवट, गोंद सौम्य. नखाने दाबली की ती किंचित पारदर्शक होते आणि खालची रेघ दिसू लागते. हा गुण किती मोलाचा आहे हे ज्याने विमानाच्या काचा झाकल्यात त्यालाच कळेल.

आता आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या टेपांविषयी. खाकी पार्सल टेप मॉडेलच्या जवळही नेऊ नये; तिचा गोंद उन्हाळ्यात असा बसतो की रंगासकट प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, हातात येतो. घर रंगवणारे वापरतात ती जाड कागदी टेप स्वस्त आहे, मोठी जागा झाकायला उत्तम, पण कडेला बिनकामाची. तिच्या चुण्यांखालून रंग आत शिरतो. विजेची पीव्हीसी टेप ताणून गोलाईवर छान वळते, पण गोंद मागे ठेवते. सगळ्यात उपयोगी निघाली ती नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप. तिला गोंदच नाही. विमानाची चाकं, पाय, तोफेच्या नळ्या असलं वेडंवाकडं काही झाकायचं असेल तर ती ताणून गुंडाळायची, स्वतःवरच बसते. माझं मत विचाराल तर रंगात काटकसर करा, ब्रशमध्ये करा, कॉम्प्रेसर जुना घ्या. पण रंगाच्या कडेला टेकणारी शेवटची दोन मिलिमीटर टेप चांगलीच हवी. त्यापलीकडे मग रद्दी लावा, नाहीतर डब्याची फॉइल.

चांगली टेपही जशी येते तशी वापरत नाही. काचेच्या तुकड्यावर ती चिकटवायची, स्टीलची पट्टी धरायची आणि नव्या ब्लेडने कड कापून काढायची. कारखान्यातून आलेली कड वाटेत मळलेली असते, आपण कापलेली कड ताजी. याच काचेवर एक-दीड मिलिमीटरच्या पट्ट्याही निघतात. बारीक पट्टी वळणावर हवी तशी वाकते, रुंद पट्टी अडते. म्हणून वळणाची रेघ आधी बारीक पट्टीने आखायची आणि मागची जागा रुंद टेपने भरायची.

विमानाच्या काचा म्हणजे या कामातली खरी कसोटी. दुसऱ्या महायुद्धातल्या हाइंकल १११ या जर्मन बॉम्बरचं नाक जवळजवळ सगळंच काचेचं. १/७२ मापात त्यातल्या काही काचा तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठ्या नसतात. काच उघडी, चौकट रंगीत. प्रत्येक काच वेगळी झाकायची. टेप पसरायची, दातकोरण्याच्या टोकाने चौकटीच्या कडेकडेने दाबायची, रेघ उमटली की कोऱ्या ब्लेडने तिच्यावरून जायचं. ब्लेड बोथट असेल तर टेप कापण्याऐवजी फाटते, आणि आपण नकळत जोर वाढवतो. तो जोर काचेवर ओरखडा होऊन उतरतो, मग तो काही जात नाही. त्यामुळे एका कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाला, एक नवं ब्लेड, यात तडजोड नाही. हल्ली यंत्राने कापलेले तयार मास्क मिळतात. ते घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. हाइंकलला मीही घेईन. मिग-२१ सारख्या दोन-तीन काचांच्या विमानाला घेणं म्हणजे मात्र निव्वळ आळस.

इथे एक छोटी खुबी. चौकटीवर बाहेरचा रंग मारायच्या आधी कॉकपिटच्या आतला रंग मारायचा, त्यावर बाहेरचा. काच पारदर्शक असल्यामुळे आतून पाहणाऱ्याला पहिला थर दिसतो, बाहेरून शेवटचा.

टेप नीट बसवूनही कधीकधी रंग आत शिरतो. पातळ रंगाला फट सापडली की तो केशाकर्षणाने स्वतःच आत ओढला जातो. यावर उपाय असा, की नवा रंग मारण्याआधी टेपच्या कडेवर खालचाच रंग, किंवा पारदर्शक वार्निश, हलकेच मारून घ्यायचं. जे काही आत शिरायचं ते तेच शिरतं आणि दिसत नाही; फट बुजते. मग नवा रंग पातळ थरांनी, टेपकडून मोकळ्या जागेकडे. कडेकडे तोंड करून फवारा मारला तर रंग टेपखाली घुसतो, आणि एकाच वेळी जाड थर दिला तर कडेला बांध तयार होतो. हा बांध बोटाला लागतो. एक दशांश मिलिमीटरचा असला तरी १/७२ च्या हिशेबाने खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरची पायरी होते. अशी पायरी घेऊन कुठलं जेट उडेल?

मापाचा हा हिशेब एकदा डोक्यात शिरला की रेघांकडे बघायची नजर बदलते. मॉडेलवाल्यांमध्ये एक समजूत पक्की आहे, की रेघ जितकी धारदार तितकं काम चांगलं. मला ते पटत नाही. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत आपल्या हवाई दलाची हंटर विमानं उतरली होती. हंटरवर हिरवा आणि राखाडी असा दुरंगी छद्मवेश, म्हणजे कॅमोफ्लाज, असे. दोन रंग स्प्रेने भेटतात तिथे कड थोडी विरघळलेली असते. समजा ती विरघळण खऱ्या विमानावर तीन इंच आहे. १/७२ मध्ये ती जेमतेम एक मिलिमीटर होईल. म्हणजे कड अगदी धारदारही नको आणि धुरकटही नको, मधली, एक मिलिमीटरची. ही मधली कड टेपने येत नाही. त्यासाठी भिंतीवर पोस्टर लावायची ती चिकट पुट्टी घ्यायची, तिच्या लांब वळ्या करायच्या आणि छद्मवेशाच्या रेघेवर ठेवायच्या. वळीची पोटाखालची जागा पृष्ठभागापासून किंचित उचललेली राहते, तिथे फवारा थोडासा आत जातो आणि कड विरते. पुट्टी नसेल तर कागदाचा आकार कापून त्याखाली टेपच्या छोट्या गुंडाळ्या ठेवून तो मिलिमीटरभर उचलायचा. कागद जितका उंच तितकी कड मऊ.

खानदेशात यात एक स्थानिक अडचण आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला ही पुट्टी अशी सैल पडते की वळी ठेवली की पाच मिनिटांत चपटी होऊन पंखाला लोळण घेते. कड पुन्हा धारदार. त्यावर वळ्या फ्रिजमध्ये ठेवून, गार असतानाच लावायच्या. आमच्या फ्रिजमध्ये कणकेच्या डब्याशेजारी निळ्या वळ्यांची ताटली असते आणि त्यावरून दर उन्हाळ्यात एकदा भांडण होतं.

द्रव मास्कबद्दल थोडक्यात. हे मुख्यतः रबराचं दूध. त्यात अमोनिया असल्याने झाकण उघडताच डोळ्यांत पाणी येतं. ब्रशने लावायचं, वाळलं की साल होते, नंतर सोलायचं. कडेसाठी मी ते वापरत नाही, त्याची कड ब्रशच्या हाताइतकीच सरळ येते. काचेच्या कडेला बारीक टेप आणि मधल्या जागेत द्रव, एवढंच त्याचं काम. मिठाचं मात्र मी मनापासून कौतुक करतो. जुन्या ट्रकचा रंग उडालेला दाखवायचा तर आधी गंजाचा रंग, मग पाण्याचा हात, त्यावर खडे मीठ आणि बारीक मीठ मिसळून भुरभुरायचं. पाणी वाळलं की मीठ चिकटून बसतं. वर रंग, आणि शेवटी बोटाने चोळून मीठ झाडलं की खालचा गंज वेड्यावाकड्या चट्ट्यांनी उघडा पडतो. टेपने इतकी बेशिस्त कड कुणाला जमणार नाही. पावसाळ्यात मात्र मीठ ओल धरतं, तेव्हा हा उद्योग करू नये.

ऋतूंचं गणित एकंदरीत इथे फार आहे. उन्हाळ्यात दुपारी अ‍ॅक्रिलिक रंग नळीतून निघून मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून पहाटे पाच-सहाला कॉम्प्रेसर चालू करायचा. शेजारी त्याला पाण्याची मोटर समजतात, ते बरंच आहे. कूलर लावून रंग मारायचा नाही. तो ओल फेकतो आणि धूळही. टेप लावून विमान दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं नाही, एवढ्या उष्म्यात सौम्य गोंदही मागे राहतो. राहिलाच तर त्याच टेपचा ताजा तुकडा टिपकागदासारखा वारंवार टेकवून उचलायचा, रसायन लावायची घाई करायची नाही. दिवाळीनंतर हवा छान असते, पण तेव्हा कापूस घरी येतो, जिनिंग सुरू होतात आणि गावाकडे रंग मारायला बसलं की हवेतली रुई ओल्या रंगावर उतरते. त्यातल्या त्यात माघ महिना निर्धोक.

सध्या टेबलावर एस.टी. आहे. किट नाही, सनबोर्डच्या, म्हणजे प्लास्टिकच्या हलक्या फोमपाटीच्या, तुकड्यांनी साधारण १/२४ मापात घरीच केलेली, पांढरी-हिरवी एशियाड. दिल्लीच्या १९८२ च्या एशियाडवरून नाव पडलेल्या त्या गाडीचं लहानपणी आम्हाला अप्रूप होतं. लाल गाडी रोजची, एशियाड लग्नाला जायची. सनबोर्ड गुळगुळीत असतो, रंग त्याला मनापासून धरत नाही. नुसता पांढरा मारून त्यावर टेप लावली तर टेप पांढऱ्याची सालच काढते. म्हणून आधी बारीक पॉलिश कागद, मग प्रायमर, मग पांढरा आणि दोन दिवस विसावा. टेप लावायच्या आधी ती एकदा तळहातावर चिकटवून काढायची, म्हणजे गोंदाचा जोर थोडा मरतो.

गाडीच्या अंगावरचा हिरवा पट्टा आखताना मी पट्टी आणि चिमटा घेऊन बसलो होतो, तेव्हा मामा आले. ते चोपड्याच्या डेपोत वाहक होते, गाड्यांच्या फोटोंपेक्षा त्यांची आठवण भरवशाची. त्यांनी चष्मा पुसून पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “भाच्या, एवढी सरळ रेघ गाडी नवी असतानाच. दोनदा डागडुजी झाली की दारापाशी पट्टा बोटभर खाली उतरतो, पुढचा पत्रा बदललेला असतो ना.” बोटभर म्हणजे अर्धा-पाऊण इंच, १/२४ मध्ये पाऊण मिलिमीटर. आता प्रश्न असा, की पट्टा मुद्दाम वाकडा आखायचा तर तो डागडुजीचा वाटला पाहिजे, हाताचा कंप नव्हे. त्यावर एकच वाट सापडली. दाराच्या उजवीकडचा आणि डावीकडचा पट्टा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेपने झाकायचा. दोन्ही आपापल्या जागी धारदार आणि सरळ, फक्त एकमेकांशी पाऊण मिलिमीटरने न जुळणारे. पुढच्या पत्र्याचा हिरवाही चिमूटभर वेगळा मिसळायचा, कारण दुसऱ्या वेळचा डबा पहिल्यासारखा कधीच नसतो.

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग मार्गाची पाटी तरी सरळ लिही. ती मी हातानेच लिहिणार आहे, टेपशिवाय.